इंजिनचे हेड खोलण्यापूर्वी



२०१९ सालच्या २७ जुलैला कोल्हापूरकडे येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली होती, हे आपणांस आठवत असेल. बदलापूरजवळ नदीकाठी माझे एक पाहुणे भाजीपाला करतात. त्यांचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन त्या पुरात बुडाले. पुढच्याच महिन्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठीही तीच गत झाली.

पाहुण्यांनी पाणी काढले, ऑईल बदलले आणि इंजिन ठेवून दिले. दिवाळीनंतर वांग्याला पाणी द्यायला गेले, तर इंजिन दम धरीना. मिस्त्रीने लगेच हेड खोलले, काही सापडले नाही म्हणून जुनेच गॅस्केट घालून बसवले. चौथ्या दिवशी इंजिन बंद! आठ दिवस पाणी चुकले, वांगी कोमेजली. खरा दोष होता एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर धरलेल्या गंजाचा. वर जुन्या गॅस्केटची भर पडली. उसालाही ऐन उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी चुकली की वजनात मार बसतो. म्हणून हे चार शब्द.

आधी गळती कुठे ते ओळखा. बुडालेल्या इंजिनचे प्रथम नोझल काढून आतले पाणी बाहेर काढावे. पाणी दाबले जात नाही. हँडलवर जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर नोझल बसवून, डिझेल बंद ठेवून आणि डीकॉम्प्रेशन लिव्हर खाली करून हँडल सावकाश फिरवावे. चांगले इंजिन अडते आणि हँडल मागे ढकलते. सहज फिरले तर कान द्या. एअर फिल्टरपाशी फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरपाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडाशी आली तर रिंगा. चालू इंजिनच्या थंडाईच्या पाण्यात बुडबुडे आले तर बहुधा गॅस्केट. टॅपेटचे अंतरही तपासावे. अंतर मुळीच नसेल तर चांगला व्हॉल्व्हसुद्धा उघडाच राहतो. तेवढ्यासाठी हेड खोलायला नको.

हेड खोललेच तर दोन्ही व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसलेले असताना पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटे थांबा. पलीकडे ओल आली तर सीट धरत नाही. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासावा. करड्या रंगाची अखंड कडी उमटली पाहिजे. व्हॉल्व्हची अदलाबदल करू नये. पेस्टचा कणही आत राहू देऊ नये. खड्डे खोल असतील तर सीट वर्कशॉपमध्येच कापून घ्यावी.

गॅस्केट पुन्हा वापरावे का? निव्वळ तांब्याचे असेल, चिरलेले वा जळालेले नसेल, तर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करावे. तांबे मऊ होते. काजळी पुसून ते पुन्हा चालते. पत्र्याच्या आत भरण असलेले गॅस्केट मात्र एकदा दाबले गेले की परत फुगत नाही. ते नवेच घ्यावे. जुन्या भरणात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे.

नवे घेताना जुने सोबत न्या आणि जाडी जुळवा. पातळ पडले तर पिस्टन वर ठोकण्याचा धोका, जाड पडले तर कॉम्प्रेशन कमी. नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे आवळावेत आणि शेवटी टॅपेट पुन्हा लावावेत.

गॅस्केटचे पैसे वाचवून पाण्याची पाळी घालवू नये, एवढीच नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी