कोठीच सांगते, आत किती उरलंय ते!

घरच्या पत्र्याच्या कोठीत धान्य किती उरले आहे हे समजायला आपल्याकडे कधी यंत्र लागले नाही. घरातली बाई जाता-येता बोटांच्या पेरांनी कोठीवर टकटक करते. भरल्या भागातून बद्द आवाज येतो, रिकाम्या भागातून ठण्ण. आवाज जिथे बदलला तिथे धान्याची पातळी. त्यावरून ती सांगून मोकळी होते, "ज्वारी आखाडापर्यंत पुरेल, पुढचं तुमचं तुम्ही बघा." तिचा हिशेब सहसा चुकत नाही.

पण कोठी पाच-सहा पुरुष उंच असली तर? अशा कोठ्या आता आपल्या डोळ्यांपुढे रोज असतात. पोल्ट्रीच्या शेडशेजारी चार पायांवर उभी असलेली, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली जस्ताच्या पत्र्याची टाकी तुम्ही पाहिली असेल. हमरस्त्याच्या कडेला तयार काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्यात सिमेंटच्या तशाच टाक्या असतात. पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल येथे गव्हाचे पोलादी सायलो आहेत. एकेका ठिकाणी दोन लाख टन गहू मावतो, तोही पोत्यांत नव्हे, सुटा. तिथे टकटक करून काय कळणार?

आजवरची रीत म्हणजे शिडी लावून वर चढायचे, झाकण उघडायचे, बॅटरीचा झोत टाकायचा आणि अंदाज बांधायचा. फार तर दोरीला वजन बांधून सोडायचे. पावसाळ्यात ओल्या शिडीवरून हे काम करणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय चढायचा कंटाळा येतोच. मग "अजून दोन दिवस जातील" असे म्हणून गडी वेळ मारून नेतो.

त्याची किंमत किती पडते पाहा. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. दहा हजार पक्ष्यांना रोज ११०० किलो लागते. दहा टनांची टाकी भरली तर ती नऊ दिवस पुरते, दहावा दिवस उजाडेलच असे नाही. शनिवारी रात्री टाकी तळाला गेली, रविवारी गाडी मिळाली नाही, की पक्षी उपाशी. उपाशी कोंबडी अंडी आखडते आणि मोडलेली लय पुन्हा बसायला दिवस लागतात. उलट भीतीपोटी गाडी लवकर मागवली, तर सगळा माल टाकीत मावत नाही आणि तळाचे जुने खाद्य तसेच दबून राहते. पावसाळी हवेत त्याला बुरशी धरते.

म्हणून टाकीच्या माथ्यावर बसवायचे एक उपकरण निघाले आहे. ते आतली पातळी स्वतः मोजते आणि तारेवाचून, रेडिओलहरींनी, घरी कळवते. त्याच्या तऱ्हा तीन-चार आहेत. एक अगदी आडातल्या दोरीची. छोटी मोटर वजन खाली सोडते, वजन मालावर टेकून दोर सैल पडला की किती दोर गेला ते मोजते आणि वजन वर ओढून घेते. दुसरी तऱ्हा आवाजाची. डोंगराकडे तोंड करून हाक मारली तर प्रतिध्वनी येतो, तसा. टाकी दहा मीटर रिकामी असेल तर आवाज खाली जाऊन परत यायला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो. पण भरताना उडणारा भुसा आणि धूळ हा आवाज गिळून टाकतात. म्हणून तिसरी तऱ्हा, रडारची, आता जास्त चालते. रडारच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. दहा मीटर जाऊन-येऊन त्यांना सेकंदाचा दीड कोटीवा भाग पुरतो, आणि धुळीचे त्यांना फारसे काही वाटत नाही. एवढासा वेळ मोजणारे यंत्र मुठीत मावते, हे मात्र नवलच म्हणायचे.

चौथी तऱ्हा पातळी पाहतच नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस गाडीसकट तोलतात, तशी टाकीच मालासकट तोलायची. टाकीच्या प्रत्येक पायाखाली वजन मोजणारी बैठक असते. माझ्या मते सगळ्यांत भरवशाची हीच. पण उभी टाकी उचलून पायाखाली बैठका सारायच्या म्हणजे खर्चाचे आणि धोक्याचे काम. नवी टाकी बसवतानाच तिचा विचार करावा.

पातळी मोजण्यात एक मोठी मेख आहे, ती विक्रेता सहसा सांगत नाही. खळ्यातली रास आठवा. धान्य ओतले की ते पाण्यासारखे सपाट बसत नाही, त्याचा डोंगर होतो. टाकीतही तसेच. मधोमध ओतले की मधे शिखर, आणि खालून काढू लागले की मधे खळगा. समजा टाकीची रुंदी ६ मीटर आहे आणि आत मका आहे. मक्याची रास सुमारे २५ अंशांचा उतार धरते, म्हणजे मधले शिखर कडेपेक्षा जवळजवळ १.४ मीटर उंच. उपकरण बरोबर मधोमध बसवले, त्याने शिखर पाहिले आणि तिथवर टाकी सपाट भरली असे मानले, तर हिशेब सुमारे १९ टनांनी फुगतो! खळगा पडला की तितकाच उलटा कमी भरतो. यावर उपाय सोपा आहे. भिंतीपासून टाकीच्या रुंदीच्या एक षष्ठांशावर, म्हणजे ६ मीटरच्या टाकीत भिंतीपासून १ मीटरवर, उपकरण बसवायचे. तिथे राशीची उंची सरासरीइतकी असते, डोंगर असो वा खळगा. ओतण्याचे आणि काढण्याचे तोंड मधोमध असेल तरच हे लागू, एवढे ध्यानात ठेवा. ओतणाऱ्या धारेखाली तर उपकरण मुळीच बसवू नये.

मोजलेला आकडा घरी येतो कसा? पूर्वी तार करीत तसा, शब्द कमी आणि काम चोख. उपकरण दिवसातून काही वेळा जागे होते, एक आकडा पाठवते आणि पुन्हा झोपते, म्हणून एक बॅटरी काही वर्षे टिकते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा रेडिओपट्टा २००५ पासून आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर मोकळ्या माळरानात दोन-चार किलोमीटर संदेश जातो. घराच्या छपरावर एक पेटी ठेवायची, ती आकडा पकडून मोबाइलवर देते. टाकी पोलादी असेल तर अँटेना बाहेरच हवी. आतून रेडिओलहर पत्र्यापलीकडे जात नाही.

आता जिवाची गोष्ट. मोबाइलवर "टाकी अर्धी भरलेली" असे दिसते आहे, मळसूत्री नळी फिरते आहे, आणि शेडमधल्या परळांत दाणा नाही. असे का? आतल्या खाद्याला ओल लागून त्याचा पूल बनतो. खालचा माल निघून गेला, वरचा कमानीसारखा अडकून राहिला. वरून पाहणारे उपकरण खोटे बोलत नाही, पण खरेही सांगत नाही. अशा वेळी आकड्यापेक्षा आकड्याची चाल पाहावी. नळी चालू असून तीन-चार तास आकडा हलला नाही, तर माल अडकला आहे असे खुशाल समजा.

आणि म्हणून टाकीत उतरू नका. हे पुन्हा सांगतो, कोणालाही आत उतरवू नका. पुलावर पाय दिला की पूल ढासळतो आणि माणूस मालाखाली जातो. खालून धान्य निघत असताना आत उभा राहिलेला माणूस चार-पाच सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो, मग त्याला स्वतःहून सुटता येत नाही, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो पुरता बुडतो. अमेरिकेत, जिथे शेतोशेती अशा कोठ्या आहेत, इंडियानातले पर्ड्यू विद्यापीठ १९७० च्या दशकापासून या अपघातांची नोंद ठेवत आले आहे. २०१० या एकाच वर्षात पन्नासाहून अधिक माणसे धान्यात अडकली आणि जवळपास निम्मी दगावली. त्याच वर्षी जुलैत, इलिनॉय राज्यातल्या माउंट कॅरोल गावी, मक्याच्या कोठीत चिकटलेला माल मोकळा करायला उतरवलेली दोन पोरे गेली. एक चौदा वर्षांचा, दुसरा एकोणीस. तिसऱ्याला कित्येक तासांनी जिवंत काढले.

आपल्या लोकांना बंद कोठाराचा धाक पूर्वीपासून ठाऊक होता. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ खराब झाली. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. बराच वेळ हवा खेळू देत आणि मगच माणूस खाली सोडत. पत्र्याच्या टाकीलाही तोच मान द्या. पूल झाला तर नळी बंद करा आणि बाहेरून, निमुळत्या भागावर, रबरी किंवा लाकडी हातोड्याने ठोका.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या, की आकडा कोणाकोणाला दिसतो? पुष्कळदा उपकरण खाद्यवालाच स्वस्तात बसवून देतो आणि तुमच्याआधी त्याला कळते की तुमचा माल संपत आला. गाडी वेळेवर येते, हे खरे. पण भावाची घासाघीस करायची वेळ आली की त्याला तुमची निकड आधीच माहीत असते. धान्याच्या कोठीचे तर याहून नाजूक आहे. सोयाबीन किती शिल्लक आहे हे आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही, ते व्यापाऱ्याला का कळावे? कागदावर लिहून घ्या, की आकडा आधी तुमचा आणि तुम्ही सांगाल त्याचाच.

ज्यांची टाकी एकच आहे आणि घराला लागून आहे, त्यांनी या खटाटोपात पडू नये असे मला वाटते. नवी टाकी घेताना विक्रेत्याला निमुळत्या भागाच्या वर, भिंतीत, जाड काचेची एक छोटी खिडकी बसवायला सांगा. खाद्य खिडकीच्या खाली गेले की गाडी मागवायची. आतून काचेला धूळ धरते, पण बाहेरून दोन टिचक्या मारल्या की पुष्कळशी झडते.