मुलीच्या हाती पाना : आधी रोप, मग लागण



एरवी या पानावर मी आपल्याशी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया आणि खोडव्याचे पाचट याविषयी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण बांधापलीकडचा नाही. आपल्या घरातल्या दहावी झालेल्या मुलींचा आहे. त्यात माझी एक चूक झाली, ती आधी कबूल करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी ऊस नोंदीसाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. जून महिना, पावसाचा पत्ता नाही. विहिरीवरची मोटार जळालेली, लागणीची पाण्याची पाळी चुकलेली आणि मोटार भरून देणारा तीन दिवस झाले तरी फिरकला नव्हता. चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. ती म्हणाली, "काका, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरू का? आमचा स्टार्टर मीच बघते."

मी पटकन बोलून गेलो, "कशाला पोरी? खांबावर चढायचं काम ते. शिवणकाम घे, घरबसल्या चार पैसे मिळतील." वडिलांनी मान डोलावली. पोरीनं पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीनं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पुरा केला. गेल्या साली त्याच विहिरीवर पॅनेल उघडून, कोणती फेज गेली ते तिनं मला दाखवलं. तेव्हा थोरली आठवली. बेणं दोन्हींचं सारखंच होतं. एका ठिकाणी मीच लागण होऊ दिली नाही.

कौशल्य कुणाचे?

बायकांना कष्टाचे काम जमत नाही, असे आपण तरी म्हणू नये. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळी बांधणे, डोक्यावरून वाहणे हे बाईच करते. बेणे मांडणे, खुरपणी हीही तिचीच कामे. अडचण ताकदीची नाही. ज्या कामाला दाखला मिळतो आणि पगार वाढत जातो, त्या कामाच्या दारात ती पोहोचत नाही, ही खरी अडचण.

हे दार पूर्वी बंदच होते. 1948 च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कामावर ठेवण्यास मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा, पण जिथे तीन पाळ्या चालतात तिथे 'बाई नकोच' म्हणायला आयते कारण मिळाले. 1974 साली टेल्को कंपनीने इंजिनिअरच्या जागेसाठी स्त्रियांनी अर्ज करू नये अशी जाहिरात दिली, तेव्हा सुधा कुलकर्णी (आजच्या सुधा मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि पुढे त्यांना तिथे नोकरी मिळाली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मोटारगाड्यांची जुळणी करणारी संपूर्ण महिलांची लाईन आहे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्रपाळीलाही वाट ठेवली आहे.

लांब कशाला जा? डी.पी.वरचा फ्यूज गेला की आपण लाईनमनची वाट बघतो. महावितरणमध्ये आता महिला तंत्रज्ञही आहेत. मी ज्या खांबाची भीती घातली होती, त्या खांबावर त्या चढतात.

जागा आहे, पाऊल अडते

राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर एक वर्षाचा. त्यापुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे कारखाने आहेत, साचे बनवण्याचे शिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूम आहे. तरीही फॉर्म भरताना मुलगी कचरते. का? मुलगा लहानपणापासून ट्रॅक्टरखाली शिरतो, पाने हाताळतो. मुलीच्या हाती पक्कड कधी आलेलीच नसते. तिला कळणार कसे, हे काम आपल्याला जमते की नाही?

आपण एक डोळ्याचे रोप ट्रेमध्ये महिना-सव्वा महिना वाढवतो, मगच शेतात लावतो. त्यामुळे नांग्या कमी पडतात. मुलींनाही अशीच रोपवाटिका हवी. आयटीआयच्या आधी थोडे दिवस हाती हत्यार द्यायचे, इतकेच.

हे कुणी केले आहे का? केले आहे. डॉ. श्री. श. कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी ते दहावीच्या शाळेत आठवड्यातला एक दिवस हातकामाला दिला. वर्कशॉप, वीज, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक करतात, वाटणी नाही. शाळेतच हात बसला की पुढे फॉर्म भरताना पाय लटपटत नाहीत.

आपल्या हातात काय आहे?

आता बघा, दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल आणि आयटीआयचा प्रवेश लागेपर्यंत दोन-अडीच महिने मुलगी घरी मोकळी असते. नेमके त्याच दिवसांत आपले गाळप आटोपलेले असते आणि मिल उघडून दुरुस्तीची कामे चालू असतात. शिकायला याहून चांगली वेळ कोणती? मा. संचालक मंडळास माझी नम्र विनंती आहे की बिगर हंगामात पंधरा दिवस आपल्या वर्कशॉपचा एक कोपरा सभासदांच्या मुलींना द्यावा. कानशीने लोखंडी तुकडा काटकोनात आणणे, मोजमाप, एक साधा दिवा-बटणाचा जोड आणि सर्वांत आधी सुरक्षेचे नियम, एवढे पुरे. स्वच्छतागृह आणि शिकवायला समजूतदार माणूस, या दोन गोष्टी मात्र आधी हव्यात. त्या नसतील तर सुरुवात करू नये.

सभासदांसही दोन गोष्टी सांगतो. एक, मोटार दुरुस्तीला माणूस आला की मुलीलाही तिथे उभी करा, मेन स्विच बंद करून आत काय आहे ते तिला बघू द्या. दोन, जाण्या-येण्याच्या खर्चाची सबब सांगू नका. 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे.

शिवणकाम वाईट नाही, ज्या मुलीला आवडते तिने जरूर घ्यावे. मी मात्र त्या पोरीला आवड विचारलीच नव्हती. आपल्या घरी यंदा दहावी झालेली मुलगी असेल तर तिला विचारा, आणि तिच्यासह गट ऑफिसला या. फॉर्म भरायला मी स्वतः बसेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी