आधी मान बघा!

पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय आणि बजेट बेताचं आहे? नो टेन्शन! फक्त रंग आणि नाव बघून भुलू नका. गिटारमधलं काय नंतर बदलता येतं आणि काय नाही, एवढं कळलं तरी अर्धी लढाई जिंकलात.

कॉलेजात असताना घरी विषय काढला, की उत्तर ठरलेलं असायचं. 'आधी नोकरीला लाग, मग काय ती गिटार-बिटार घे!' आता नोकरी आहे, पगार आहे, झालंच तर ईएमआयही आहे. मग एका शनिवारी दुपारी तुम्ही म्युझिक शॉपमध्ये शिरता. समोर भिंतभर गिटार्स. लाल, काळ्या, सनबर्स्ट. काउंटरवरचा मुलगा त्यातली एक खाली काढतो, भल्या मोठ्या अँपला जोडतो आणि असा काही सोलो वाजवतो की तुमची विकेट पडलीच म्हणून समजा. कार्ड स्वाइप, गिटार घरी!

पुढचं चित्र मात्र तितकंसं रंगीत नसतं. सहा महिन्यांनी तीच गिटार कपाटावर धूळ खात असते आणि मालक मित्रांना सांगत असतो, 'आपल्याला नाही जमत यार. बोटंच वळत नाहीत.'

सुरुवातीला बोटांची टोकं दुखणारच. ते प्रत्येकाचं होतं आणि काही आठवड्यांत सरावाने कमीही होतं. पण तारा लाकडापासून बोटभर उंच असतील, दर पाच मिनिटांनी सूर उतरत असेल, प्रत्येक कॉर्ड किंचित बेसूर लागत असेल, तर तिथे भलेभले हात टेकतील. नवशिक्याची पंचाईत अशी, की चूक आपली की गिटारची हे त्याला कळत नाही. तो दोष स्वतःला देतो आणि मोकळा होतो. म्हणूनच स्वस्त गिटार नीट पारखून घेणं हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. तुमचा छंद टिकणार की नाही, हे बऱ्याचदा त्या दुकानातल्या अर्ध्या तासात ठरतं.

स्वस्त म्हणजे टुकार? छे!

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. स्वस्त म्हणजे वाईट, हे समीकरण आता जुनं झालं. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९६५ साली तारा बनवणारी 'स्क्वायर' ही कंपनी विकत घेतली होती. १९८२ मध्ये जपानमध्ये बनलेल्या आपल्या कमी किमतीच्या गिटार्सना त्यांनी हेच नाव दिलं. त्या वेळच्या या 'स्वस्त' गिटार्स आज संग्राहक शोधत फिरतात! यामाहाची १९९० मध्ये आलेली पॅसिफिका मालिकाही अशीच. जगभरातल्या कितीतरी जणांची पहिली गिटार पॅसिफिकाच असते.

आज या गटातल्या बहुतेक गिटार्स इंडोनेशिया आणि चीनमधून येतात. कोरियाच्या कॉर्टसारखी कंपनी स्वतःच्या नावाने तर गिटार्स विकतेच, शिवाय इतर नामांकित ब्रँड्ससाठीही बनवते. लाकूड कापायला कॉम्प्युटरवर चालणारी मशिन्स असतात, त्यामुळे आकारात फारशी चूक होत नाही.

मग पैसे वाचतात कुठे? हार्डवेअर साधं असतं, लाकूड साधं असतं. पण मुख्य म्हणजे शेवटचा हात फिरवण्याचा वेळ वाचवला जातो. फ्रेट्स घासून एका पातळीत आणणं, त्यांची टोकं गोल करणं, नटच्या खाचा नेमक्या खोलीच्या करणं, हे निवांत करायचं काम. महागड्या गिटारला तो वेळ मिळतो, स्वस्तातल्या गिटारला मिळेलच असं नाही. म्हणूनच एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन पीस शेजारी टांगलेले असतात आणि एक लोण्यासारखा वाजतो, तर दुसरा वैताग आणतो. थोडक्यात काय, तर मॉडेल निवडून झालं तरी काम संपत नाही. पीस निवडायचा असतो!

काय बदलता येतं, काय नाही?

हा या सगळ्या खरेदीचा खरा फंडा. तारा बदलता येतात. तारांची उंची कमी-जास्त करता येते. पिकअप, नॉब, खुंट्या, सगळं हळूहळू पगारागणिक बदलता येतं. पण वाकडी मान आणि खराब फ्रेट्स? त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कधीकधी गिटारच्या किमतीच्या तोंडात मारेल असा असतो. म्हणून पहिली नजर बॉडीवर नाही, मानेवर, म्हणजेच नेकवर.

गिटार हातात घ्या आणि बॉडीच्या बाजूने एक डोळा मिटून मानेच्या कडेकडेने बघा, सुतार फळीची धार बघतो तसं. मान किंचित खोलगट असणं नॉर्मल आहे. पण ती दोरीसारखा पीळ घेतलेली दिसली, एक कड वर आणि एक खाली, तर नम्रपणे गिटार परत टांगा. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ती बाक कमी-जास्त करू शकते, पीळ साध्या सळईने निघत नाही.

बाक मोजायचा सोपा उपाय तुमच्या खिशातच आहे. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि अगदी शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. आता साधारण सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट थोडी जास्त दिसली, तर दुकानातल्याच माणसाला ट्रस रॉड फिरवून द्यायला सांगा. तुम्ही स्वतः जोर लावायला जाऊ नका.

मग मानेच्या दोन्ही कडांवरून हात फिरवा. फ्रेट्सची टोकं करवतीसारखी टोचतात का? कोरड्या हवेत किंवा सतत एसीत लाकूड आकसतं, धातूच्या फ्रेट्स मात्र तेवढ्याच राहतात, आणि मग टोकं बाहेर डोकावतात. थोडं खरखरीत चालेल, ते घासून देता येतं. हात ओरबाडत असेल तर दुसरा पीस मागा.

मानेवरच्या पट्टीचं लाकूड रोजवूड नाही म्हणून नाक मुरडू नका. रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये बंधनं आली, तेव्हा कंपन्या पर्याय शोधू लागल्या. (तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.) त्या पर्यायांमधलं एक म्हणजे इंडियन लॉरेल. नाव भलतंच फॉरेन वाटतं ना? सह्याद्रीच्या ट्रेकवर दिसणारा आपला ऐन तो हाच!

१३२ सुरांची परीक्षा

आता वाजवायची वेळ. अँप नको! आधी कोरडीच वाजवा. मोठ्या अँपवर डिस्टॉर्शन लावलं, की सगळे दोष झाकले जातात.

सहा तारा, २२ फ्रेट्स म्हणजे १३२ सूर. (काही मॉडेल्सना २१ फ्रेट्स असतात.) प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून एकेक सूर वाजवा. वाजवता येत नसलं तरी हे कुणालाही जमतं आणि दहाएक मिनिटं लागतात. सूर स्वच्छ येतोय ना? एखाद्याच जागी झर्रर्र आवाज आला किंवा सूर धपकन मेला, तर शेजारची फ्रेट उचललेली असण्याची शक्यता मोठी. मग पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार बाराव्या ते पंधराव्या फ्रेटदरम्यान दाबून वर ताणा. ताणताना आवाज घुसमटून बंद पडतोय? धोक्याची घंटा!

सेल्समन तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे. पैसे तुमचे आहेत.

एटीएम कार्डाची करामत

तारा आणि फ्रेट यांच्यातल्या उंचीला ॲक्शन म्हणतात. ही मोजायला पट्टी नको. अक्षरं न उठवलेल्या सपाट एटीएम कार्डाची जाडी ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर. दोन कार्डं एकावर एक ठेवली, की झाले दीड मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर, तार न दाबता, कडेने ती कार्डं सरकवून बघा. बारीक तारेखाली दोन कार्डं जेमतेम बसावीत. जाड तारेखाली थोडी जास्त, दोन मिलिमीटरच्या आसपास जागा असावी. चार कार्डं आरामात जात असतील, तर ॲक्शन फारच उंच आहे.

पण तेवढ्यावरून गिटार नाकारू नका. दुकानदाराला तुमच्यासमोर तारा खाली करायला सांगा आणि पुन्हा सगळे सूर वाजवा. खाली करूनही आवाज स्वच्छ राहिला, तर पीस एक नंबर. खाली आणल्याबरोबर जागोजागी झर्रर्र सुरू झालं, तर मूळ दोष मान किंवा फ्रेट्समध्ये आहे आणि तो लपवायलाच तारा उंच ठेवल्या असाव्यात.

सूर लागतो, पण टिकतो का?

मोबाइलवरचा ट्यूनर चालू करा, गिटार सुरात लावा, तारा दोन-चार वेळा जोरात ताणा आणि परत तपासा. नव्या तारा थोड्या उतरतातच. पण खुंटी पिळताना वरच्या टोकाकडून 'टिक' असा आवाज येत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, की बऱ्याचदा काम होतं! बिचाऱ्या खुंट्यांना उगाच शिव्या खाव्या लागतात.

दुसरी टेस्ट इंटोनेशनची. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून घुमणारा सूर काढा. मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच दिसायला हवेत. फरक असेल तर ब्रिजवरचं सॅडल पुढे-मागे करून तो जुळवता येतो. समोरच जुळवून घ्या.

आणि एक सल्ला. पहिल्या गिटारला स्वस्तातला, तरंगता लॉकिंग ट्रेमोलो टाळा. दिसायला लै भारी, पण एक तार बदलली की बाकीच्या पाच तारांचे सूर बिघडतात. साधा, पक्का ब्रिज नवशिक्याचा खरा दोस्त.

आता लावा वायर

सगळ्यात शेवटी अँप, आणि तोही क्लीन आवाजावर. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, स्विचच्या सगळ्या पोझिशन्स बघा, वायर जॅकपाशी हलकेच हलवा. खरखर किंवा मधूनच आवाज गायब होणं नको. सिंगल कॉइल पिकअपला थोडी गुणगुण असतेच, त्याला दोष समजू नका. ही गुणगुण मारण्यासाठीच तर १९५०च्या दशकात हंबकर पिकअप आले. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर उत्तम. उलट वाढली, तर आतली ग्राउंडची वायर तपासायला सांगा.

बजेटचं म्हणाल, तर नामांकित कंपन्यांची सुरुवातीची मॉडेल्स साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात मिळतात. सगळे पैसे गिटारवर उडवू नका. चांगला सेटअप आणि नव्या तारा यासाठी थोडे बाजूला ठेवा. ऑनलाइन घेत असाल तर पीस निवडता येत नाही, म्हणून परत करण्याची मुदत आधी वाचा आणि खोकं उघडल्याच्या दिवशीच या सगळ्या टेस्ट्स उरका. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा गंजतात. तेव्हा वाजवून झाल्यावर तारा पुसा आणि वर्षातून एकदा मानेचा बाक तपासून घ्या.

खिशात ठेवा!

• दोन सपाट एटीएम कार्डं, एक व्हिजिटिंग कार्ड, मोबाइलमध्ये ट्यूनर.
• गिटार वाजवणारा एक मित्र. नसेल तर क्लासचे सर.
• क्रम विसरू नका : मान, फ्रेट्स, ॲक्शन, सूर, वायरिंग. रंग सगळ्यात शेवटी.
• एकाच मॉडेलचे निदान दोन पीस मागा.
• गर्दीच्या रविवारी नको, निवांत संध्याकाळी जा.
• मन भरलं नाही तर रिकाम्या हाताने परत या. भिंतीवर गिटार्स पुढच्या शनिवारीही असणारच आहेत!