विश्लेषण : वाइड अँगल लेन्स बदलण्याआधी फोटोचे कोपरे कसे तपासावेत?

मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी नवी वाइड अँगल लेन्स घ्यायची म्हटले की लाख-दोन लाख रुपये सहज लागतात. आधीची लेन्स असताना हा खर्च करण्यामागे बहुतेकांचे कारण एकच असते : ‘कोपरे स्पष्ट येत नाहीत.’ नागपुरात दीक्षाभूमीचा स्तूप, सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची इमारत किंवा बिल्डरांचे नवे टॉवर टिपणाऱ्यांना ही तक्रार परिचित आहे. मात्र कोपरा धूसर दिसण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील मोजकीच नव्या लेन्सने दूर होतात.

कोपऱ्यांचाच प्रश्न का येतो?

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. फूजीफिल्मच्या जीएफएक्स आणि हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेतील सेन्सर साधारण ४४ × ३३ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे १.७ पट मोठा असतो. त्याचा कोपरा मध्यापासून २७ मिमीहून अधिक दूर असतो. लेन्समधून तिथपर्यंत पोहोचणारे किरण तिरपे येतात आणि लेन्स जितकी वाइड, तितका हा तिरपेपणा वाढतो. बहुतेक प्रकाशीय दोष मध्याकडून काठाकडे जाताना वाढत असल्याने लेन्सची खरी परीक्षा कोपऱ्यात होते. तिथे प्रकाशही कमी पोहोचतो. सॉफ्टवेअरने तो कोपरा उजळला की दाणेदारपणा वाढतो आणि बारीक तपशील हरवल्यासारखे वाटते.

कोपरा धूसर की ताणलेला?

सरळ रेषा सरळच दाखवणारी वाइड लेन्स गोल वस्तूंना कोपऱ्याकडे ताणते. याच सेन्सरवर २३ मिमीच्या लेन्सने अगदी कोपऱ्यात आलेला चेंडू रुंदीच्या दीडपटीहून थोडा अधिक लांबट दिसतो. दीक्षाभूमीचा अर्धगोल घुमट चौकटीच्या मध्यावर ठेवला तर डौलदार दिसतो. तोच कोपऱ्याकडे सरकवला तर एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो. काठावर उभ्या माणसांचे चेहरे आणि गाड्यांची चाके यांचेही तसेच होते. हा लेन्सचा दोष नसून भूमितीचा परिणाम आहे. तेवढ्याच कोनाची दुसरी, महागडी लेन्सही तेच करील. सेन्सरला समांतर असलेली सपाट भिंत मात्र अशी ताणली जात नाही. म्हणून चाचणीसाठी घुमटापेक्षा भिंत बरी.

पायाजवळची फरशी अस्पष्ट का?

इमारतीच्या फोटोत खालचे दोन कोपरे बहुधा कॅमेऱ्याजवळच्या फरशीचे किंवा गवताचे असतात. फोकस दूरच्या इमारतीवर आणि कोपरा तीन मीटरवर, अशी स्थिती असते. २३ मिमी लेन्स एफ/८ वर ठेवून फोकस अनंतावर केला, तर जुन्या रूढ हिशेबाने सुमारे १.८ मीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट मानले जाते. हा हिशेब मध्यम आकाराचा प्रिंट पुरेशा अंतरावरून पाहण्यासाठी आहे. १०२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी ३.७६ मायक्रॉन असते. धूसरपणा दोन पिक्सेलच्या आत हवा, अशी अट घातली तर तीच मर्यादा जवळपास ९ मीटरवर जाते. म्हणजे तीन मीटरवरची फरशी पडद्यावर मोठी करून पाहिल्यास धूसर दिसणारच. त्यावरून लेन्सचा निकाल लावता येत नाही.

भिंतीची चाचणी कशी करावी?

विटांचे बांधकाम उघडे दिसणारी, सपाट आणि सारखा उजेड असलेली भिंत निवडावी. ३० मिमीच्या लेन्सने तीन मीटरवरून साधारण ४.४ × ३.३ मीटरची भिंत चौकटीत मावते. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर टायमरने, आयएसओ सर्वात कमी.

कॅमेरा भिंतीला समांतर असणे सर्वात महत्त्वाचे. त्यासाठी सोपी युक्ती आहे. भिंतीवर चौकटीच्या मध्याशी छोटा आरसा सपाट चिकटवावा. आरशात लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की कॅमेरा समांतर आहे. फोटो काढण्याआधी आरसा काढून घ्यावा.

मग मध्यावर फोकस करून लेन्सच्या सर्वात मोठ्या ॲपर्चरपासून एफ/१६ पर्यंत फोटो घ्यावेत. त्यानंतर एका कोपऱ्यावर फोकस करून तीच मालिका पुन्हा घ्यावी. दुसऱ्या वेळी कोपरा स्पष्ट आला आणि मध्य ढिला पडला, तर लेन्सचे फोकसचे प्रतल वक्र आहे. अशी लेन्स कोपऱ्यात तपशील देऊ शकते, फक्त मध्य आणि कोपरा एकाच वेळी साधत नाही. मध्य आणि कोपरा यांच्यामधल्या जागी फोकस करून एफ/८ किंवा एफ/११ वर काम केले तर बऱ्याचदा प्रश्न सुटतो. एफ/१६ च्या पुढे मात्र विवर्तनामुळे मध्यही मऊ होऊ लागतो. त्यामुळे कोपरे मध्याइतके चांगले झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मध्य खाली आलेला असतो.

एकच कोपरा खराब असेल तर?

तीन कोपरे चांगले आणि एक वाईट असेल, तर लेन्सच्या त्या मॉडेलला नव्हे, हातातल्या त्या एका प्रतीला दोष देण्याची शक्यता अधिक. आतील एखादे भिंग किंचित सरकलेले किंवा तिरके बसलेले असू शकते. खात्रीसाठी कॅमेरा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून तोच फोटो पुन्हा घ्यावा. धूसरपणा कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्यासोबत फिरला, तर दोष लेन्सचा किंवा माउंटचा. धूसरपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला, तर कॅमेरा समांतर नव्हता. दोष प्रतीचा ठरला तर वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदली मागावी. नवीन लेन्सबाबत ही चाचणी परत करण्याची मुदत संपण्याआधीच करायला हवी.

नागपूरच्या उन्हाचा काय संबंध?

एप्रिल-मेमध्ये नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून आणि गच्चीवरून वर जाणारी हवा दूरच्या रेषा थरथरवते. दुपारी रस्त्यापलीकडच्या इमारतीवर केलेली चाचणी प्रत्येक फोटोत वेगळा निकाल देते, आणि रस्त्याच्या पृष्ठभागाजवळून जाणाऱ्या दृष्टिरेषेला याचा फटका जास्त बसतो. उन्हात तापलेल्या गाडीतून लेन्स काढून लगेच चाचणी घेणेही टाळावे. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा सावलीतली जवळची भिंत अधिक विश्वासार्ह.

जुनी लेन्स बदलताना काय पाहावे?

फिल्मच्या काळातही हा प्रश्न होताच. १९५४ मध्ये हॅसलब्लाडने झाइसच्या ३८ मिमी बायोगॉन लेन्सचा कॅमेरा आणला. त्यात आरसा नसल्याने लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ ठेवता आला आणि कोपरेही उत्तम आले. आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी मात्र लेन्स फिल्मपासून दूर ठेवणारी रचना लागते, आणि अशा वाइड लेन्सचे कोपरे जवळच्या विषयावर ढिले पडतात. झाइसच्या ५० मिमी डिस्टॅगॉनच्या पुढच्या आवृत्तीत यासाठी तरंगती भिंगे आली. त्यांची वेगळी रिंग विषयाच्या अंतरानुसार फिरवावी लागते. सेकंडहँड बाजारातून अशी लेन्स घेऊन ती रिंग न फिरवताच ‘कोपरे वाईट’ असा निष्कर्ष काढणे सहज घडते.

इमारत सरळ करताना काय होते?

उंच इमारतीसाठी कॅमेरा वर करून फोटो घेतला आणि नंतर सॉफ्टवेअरने उभ्या रेषा सरळ केल्या, तर वरचे दोन कोपरे सर्वाधिक ताणले जातात. मूळ फाइलमध्ये ठीक असलेला तपशील इथे पातळ होतो. अशी कामे नेहमीची असतील, तर नेहमीच्या लेन्सची सुधारित आवृत्ती घेण्यापेक्षा शिफ्ट लेन्सचा विचार योग्य ठरतो. फूजीफिल्मची ३० मिमी टिल्ट-शिफ्ट लेन्स १५ मिमीपर्यंत सरकते. मात्र तिची चाचणी सरकवलेल्या अवस्थेतच घ्यावी, कारण तेव्हाच चौकटीचा कोपरा प्रतिमावर्तुळाच्या काठाकडे जातो.

मग लेन्स कधी बदलावी?

१०२ मेगापिक्सेलची फाइल ११,६४८ पिक्सेल रुंद असते. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ती १०० टक्के मोठी करून पाहणे म्हणजे साडेदहा फूट रुंद प्रिंट दोन फुटांवरून पाहणे. असा प्रिंट बहुतेकांच्या कामात कधीच निघत नाही. त्यामुळे कोपऱ्याचा निकाल नेहमीच्या प्रिंटच्या आकारात द्यावा. हवे तर त्या मापात फक्त कोपऱ्याचा तुकडा छापून पाहावा.

नेहमी वापरल्या जाणाऱ्या ॲपर्चरवर, कोपऱ्यावरच फोकस करूनही, चारही कोपरे सारखेच कमी पडत असतील आणि ते प्रिंटमध्ये दिसत असेल, तर लेन्स बदलण्याला अर्थ आहे. तेव्हाही नवी लेन्स भाड्याने किंवा मित्राकडून मिळवून त्याच भिंतीवर, त्याच सकाळी, जुन्या लेन्सच्या शेजारी तपासावी. दोन्ही रॉ फाइल एकाच सेटिंगने उघडाव्यात. एकीला सॉफ्टवेअरची सुधारणा आणि दुसरीला नाही, असे झाले तर तुलना फसते. तपासणीत यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली नाही, तर त्या पैशांचा उपयोग चांगल्या ट्रायपॉडसाठी किंवा मोठ्या प्रिंटसाठी अधिक होईल.