पंडिता रमाबाईंचे संस्कृत आणि त्यांचे शास्त्रभाषांतर

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे स्मरण आपल्या मंडळ्यांत बहुधा केडगावच्या मुक्तिसदनावरून होते. त्यांच्या विद्वत्तेकडे मात्र लक्ष क्वचितच जाते. आणि पाळक व सुवार्तिक यांच्या नित्य कामाशी तिचाच संबंध अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

स्त्रीला संस्कृत शिकविणे निषिद्ध मानले जात असता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस ती भाषा शिकविली, व आईकडून ती रमाबाईंना मिळाली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरी ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या हाती संस्कृत पवित्र शास्त्र ठेवले. त्यातील भाषा व शिकवण परिचित हिंदू वाङ्मयाहून इतकी निराळी भासली की, ते वाचणे म्हणजे कालापव्यय असे त्यांस वाटले, (तो ग्रंथ त्यांनी टाकला मात्र नाही!) विवाहानंतर आसामातील सिलचर येथे घरच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली, ती मात्र त्यांनी आवडीने वाचली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी इब्री व ग्रीक मुळांवरून मराठी भाषांतर करण्यात वेचली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने साध्यासुध्या खेडवळ स्त्रीस कळत नाही, शिवाय पुष्कळ संस्कृत शब्दांस हिंदू धर्मविचारांचा अर्थ चिकटलेला असतो, ही त्यांची तक्रार होती. संस्कृत न जाणणाऱ्याने ती केली असती तर कोणी मनावर घेतली नसती. त्यांचे भाषांतर मुळाला फार धरून असल्याने ठिकठिकाणी रुक्ष झाले आहे, आणि उपासनेत ते रूढ झाले नाही, हे खरे. तथापि आपण वाचलेला धडा मागे बसलेल्या निरक्षर बाईला कळतो काय, हा त्यांचा प्रश्न आपल्यापुढे आजही उभा आहे.

हे काम चालू असतानाच, १९१२ साली, हैदराबाद संस्थानातील गुलबर्गा (आज कर्नाटकातील कलबुर्गी) येथे त्यांनी ख्रिस्ती शाळा काढली. तीत कन्या मनोरमाबाईंचा मोठा वाटा होता. मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या, व ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूच्या ठायी निजल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तेथल्याच स्त्रियांनी जुळविले होते.