आईच बाई, घरच शाळा

अमेरिकेत धर्मश्रद्धेपोटी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या मातांची संख्या मोठी आहे. या मातांचा दिवस कसा जातो, त्यांना कायदा किती मोकळीक देतो आणि त्या मोकळिकीची किंमत कोण मोजते, याचा हा वेध.

पिवळ्या रंगाची स्कूल बस हे अमेरिकेतील सकाळचे नेहमीचे दृश्य. टेक्सास राज्यातील डॅलस शहराच्या उपनगरांतही शाळेच्या दिवसांत सकाळपासून या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागतात. काही घरांसमोर मात्र ही गाडी कधीच थांबत नाही. त्या घरांतून शाळेच्या वयाची मुले नसतात असे नव्हे. आठ, सहा आणि चार वर्षांची तीन भावंडे व कडेवरचे दीड वर्षाचे बाळ असा भरलेला संसार तेथे असतो. पण त्यांची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरते आणि त्या शाळेतल्या बाई म्हणजे त्यांची आईच असते.

होम स्कूलिंग अथवा गृहशिक्षण या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत आता अपवाद राहिलेली नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार १९९९ साली घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती. २०१२ पर्यंत ही संख्या १८ लाखांच्या घरात गेली. करोनाच्या साथीत, २०२० च्या शरद ऋतूत, जनगणना विभागाने केलेल्या पाहणीत शालेय वयाची मुले असलेल्या ११.१ टक्के कुटुंबांनी आपण मुलांना घरी शिकवत असल्याचे सांगितले. सरकारी शाळांचे ऑनलाइन वर्ग त्यात धरलेले नव्हते.

गृहशिक्षण घेणारी सगळीच कुटुंबे धार्मिक कारणाने या वाटेला आलेली नाहीत. २००७ साली ३६ टक्के पालकांनी धार्मिक अथवा नैतिक शिक्षण हे आपले सर्वांत महत्त्वाचे कारण असल्याचे नोंदवले होते. २०१६ साली हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. शाळेतील वातावरणाची चिंता हे कारण आता पुढे आहे. तरीही या चळवळीची घडी ज्यांनी बसवली, कायद्याच्या लढाया ज्यांनी लढवल्या, त्यांत श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा मोठा होता. म्हणूनच या घरांतला दिवस समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

शाळेपासून दुरावा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सरकारी शाळांतील शासनप्रणीत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली आणि १९६३ साली शाळेतील बायबलपठणाबाबतही तोच निर्णय दिला. धर्म आणि शासन यांना वेगळे ठेवणारे हे निर्णय अनेकांना योग्य वाटले; पण श्रद्धाळू कुटुंबांच्या एका वर्गाला शाळा परकी वाटू लागली. उत्क्रांतिवाद आणि लैंगिक शिक्षण यांवरील वादांनी हा दुरावा वाढवला.

याच सुमारास शिक्षणक्षेत्रातूनही शाळेविषयी शंका घेतल्या जाऊ लागल्या होत्या. जॉन होल्ट यांनी १९७७ साली घरी शिकणाऱ्यांसाठी नियतकालिक सुरू केले. त्यांचा आक्षेप धार्मिक नव्हता. शाळा मुलांची जिज्ञासा मारते, असे त्यांचे म्हणणे होते. रेमंड आणि डोरोथी मूर या दाम्पत्याने लहान मुलांना औपचारिक शिक्षणाची घाई करू नये, असा विचार मांडला. जेम्स डॉब्सन यांच्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमातून तो ख्रिस्ती घराघरांत पोहोचला. १९८३ साली पालकांना कायदेशीर साहाय्य देणारी संघटना उभी राहिली आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

या मातांच्या दृष्टीने कायद्याइतकाच महत्त्वाचा आधार धर्मग्रंथाचा आहे. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर घरीदारी, उठताबसता बिंबवाव्यात, असा उपदेश आहे. उठताबसता शिकवायचे तर मूल दिवसभर जवळ हवे, असा सरळ अर्थ या माता लावतात. त्यांच्या लेखी शिकवणे हा मातृत्वाचाच भाग असतो.

दिवस उजाडतो तो असा

अशा घरातली आई बहुधा मुलांच्या आधी उठते. कॉफीचा कप, बायबल आणि वही घेऊन बसण्याची ती अर्धी घटका तिची स्वतःची. बाळ लवकर जागे झाले की तीही हातची जाते. त्यानंतर न्याहारी, अंथरुणे आवरणे, भांडी मशिनमध्ये लावणे. ही कामे मुलांनीही करायची असतात. घरकाम हा अभ्यासाचाच एक भाग मानला जातो.

नऊच्या सुमारास सगळे एकत्र बसतात. प्रार्थना, एक भक्तिगीत, आठवड्याच्या वचनाचे पाठांतर आणि मग एखाद्या चांगल्या पुस्तकाचे मोठ्याने वाचन. अनेक घरांत या पद्धतीवर शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा प्रभाव आढळतो. १८४२ ते १९२३ हा त्यांचा जीवनकाल. लहान मुलांचे पाठ छोटे असावेत, कोरड्या क्रमिक पुस्तकांऐवजी जिवंत पुस्तके वाचून दाखवावीत, ऐकलेले मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे आणि रोज मोकळ्या हवेत निसर्गनिरीक्षण करावे, ही त्यांची सूत्रे. दुसरीकडे लॅटिन, व्याकरण आणि पाठांतर यांवर भर देणारी अभिजात शिक्षणपद्धती मानणारी कुटुंबे आहेत. तर फ्लोरिडातील पेन्साकोला येथून निघणाऱ्या अबेका मालिकेसारखी तयार ख्रिस्ती पाठ्यपुस्तके घेऊन ओळीने पुढे जाणारेही पुष्कळ आहेत.

त्यानंतर टेबलावरचा अभ्यास. वाचन आणि गणित हे दोन विषय प्रत्येक मुलाच्या कुवतीप्रमाणे स्वतंत्र शिकवावे लागतात. इतिहास, निसर्ग, चित्रकला हे सर्वांना मिळून चालते. मोठा लिहितो, मधली चित्र काढते, धाकटा नुसता ऐकतो. पहिली-दुसरीच्या मुलाचा असा अभ्यास दीड-दोन तासांत आटोपतो. शाळेत सात तास जातात तेथे घरी दोन तास कसे पुरतात, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. पंचवीस मुलांची हजेरी, रांगा, वाट पाहणे आणि वर्ग शांत करणे यांत जाणारा वेळ येथे वाचतो, हे त्याचे उत्तर.

दीड वर्षाच्या बाळाचे गणित

हे सारे कागदावर सुबक दिसते. प्रत्यक्षात या शाळेची खरी परीक्षा शाळेत न बसणारे मूल घेते. सहा वर्षांच्या मुलीला अक्षरांचे ध्वनी जुळवून वाचायला शिकवायचे तर आईला सलग पंधरा मिनिटे हवीत. तेवढ्यात चार वर्षांच्या मुलाला खडू हवा असतो, आठ वर्षांच्याचे वजाबाकीत हातचे चुकलेले असतात आणि बाळाने कपाटातला तांदूळ जमिनीवर सांडलेला असतो.

यावर या मातांनी आपापल्या युक्त्या शोधल्या आहेत. केवळ अभ्यासाच्या वेळीच बाहेर काढायच्या खेळण्यांचा वेगळा डबा असतो. मोठ्या मुलाने वीस मिनिटे बाळाला खेळवायचे, तोवर बहिणीचे वाचन, मग अदलाबदल. सर्वांत अवघड पाठ बाळाच्या झोपेच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. वेळापत्रक मिनिटांचे न करता क्रमाचे करायचे, म्हणजे प्रार्थनेनंतर वाचन, वाचनानंतर गणित. घड्याळ कितीही पुढे गेले तरी क्रम मोडत नाही. घरात नवे बाळ आले की शाळा काही आठवडे सरळ बंद ठेवली जाते आणि उन्हाळ्यात भरून काढली जाते.

दुपारच्या जेवणानंतर सक्तीची शांत वेळ. लहान झोपतात, मोठे आपापल्या खोलीत पुस्तक घेऊन बसतात. आईला मिळणारा हा एकमेव तास. पण त्यातच कपड्यांच्या घड्या, उद्याच्या पाठाची तयारी आणि रात्रीच्या जेवणाची सोय बसवायची असते. पुढे ग्रंथालय, बाग, पियानोचा वर्ग. संध्याकाळी वडील कामावरून आले की जेवण आणि कौटुंबिक उपासना. रविवार चर्चचा, त्या दिवशी पुस्तके बंद.

कोणी विचारत नाही

टेक्सासमध्ये या शाळेवर देखरेख कोणाची? जवळजवळ कोणाचीच नाही. १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात घरातील शाळा ही खासगी शाळाच मानली. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि उत्तम नागरिकत्व हे विषय प्रामाणिकपणे शिकवले जावेत, एवढीच अट. जे मूल सरकारी शाळेत कधी गेलेच नाही, त्याच्याविषयी कोणालाही कळवावे लागत नाही. परीक्षा नाही, तपासणी नाही, आईच्या शिक्षणाची अट नाही.

न्यूयॉर्क राज्यात चित्र नेमके उलटे आहे. तेथे दरवर्षी लेखी सूचना, मुलागणिक अभ्यासाचा आराखडा, दर तिमाहीचा अहवाल आणि वर्षअखेरीचे मूल्यमापन द्यावे लागते; पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. जर्मनीत तर शाळेत जाणे हीच सक्ती आहे. धार्मिक कारणाने सूट मागणाऱ्या पालकांची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ साली फेटाळली. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. घरी शिकणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेचा मार्ग धरतात.

टेक्सासमधील मातांना आपली मोकळीक प्राणप्रिय आहे. २०२५ साली राज्याने शिक्षण खर्चासाठी पालकांना अनुदान देणारा कायदा केला. घरी शिकणाऱ्या मुलासाठी वर्षाला २,००० डॉलरपर्यंत रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. शाळेसाठीचा मालमत्ता कर भरून वर पुस्तकांचा खर्च सोसणाऱ्या कुटुंबांना ही मदत हवीशी वाटावी. पण चळवळीतील एका गटाने तिला विरोध केला. सरकारचा पैसा घरात आला की पाठोपाठ सरकारचे प्रश्नही येतील, ही त्यांची भीती.

मात्र कोणी विचारत नाही या स्थितीला दुसरी बाजू आहे. आई आजारी पडली तर बदली शिक्षिका येत नाही. सहा वर्षांचे मूल वाचायला मागे पडले तर ते हळू शिकणारे आहे, त्याला काही अडचण आहे की आपलेच शिकवणे कमी पडते आहे, हे तिला एकटीलाच ठरवावे लागते. शाळेत हीच जबाबदारी वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि तज्ज्ञ यांच्यात वाटली जाते. पगार नाही, सुटी नाही आणि थकवा बोलून दाखवावा तर, मग मुलांना शाळेत का घालत नाहीस, हा प्रश्न समोर उभा. हे काम देवाने सोपवले आहे, अशी ज्या स्त्रीची श्रद्धा असते, तिला दमणे हा श्रद्धेतला उणेपणा वाटू लागतो. हा तिच्यावरचा सर्वांत जड भार म्हणावा लागेल.

आठवड्यातून एकदा चर्चच्या सभागृहात भरणारा सहकारी वर्ग हा त्यावरचा उतारा. चार-पाच कुटुंबे एकत्र येतात. एक आई विज्ञानाचे प्रयोग घेते, दुसरी चित्रकला, तिसरी तान्ह्या मुलांकडे पाहते. मुलांना सवंगडी मिळतात, हा त्याचा उघड लाभ. आयांना आपल्यासारख्याच आया भेटतात, हा लाभ त्याहून लहान नाही.

मुलांच्या बाजूने

मुलाच्या बाजूनेही तोच प्रश्न विचारला जातो. हार्वर्ड विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० साली गृहशिक्षणावर जवळपास बंदीच असावी, अपवादाने परवानगी द्यावी, अशी भूमिका मांडली. देखरेख नसलेल्या घरात मुलाची आबाळ किंवा छळ झाला तर तो कोणाच्या नजरेस येणार, हा त्यांचा मुद्दा. त्याआधी २०१३ साली स्वतः घरी शिकलेल्या काही तरुणांनीच संघटना स्थापन करून, बंदी नको पण किमान देखरेख हवी, अशी मागणी पुढे आणली. जग एकाच श्रद्धेच्या खिडकीतून पाहिलेल्या मुलाला पुढे निवडीचे स्वातंत्र्य उरते का, हाही प्रश्न त्यांतून आला.

समर्थक परीक्षांतील उत्तम गुणांकडे बोट दाखवतात. पण अशा अनेक पाहण्यांत स्वखुशीने पुढे आलेलीच कुटुंबे असतात. जी पुढे आली नाहीत त्यांच्याविषयी त्या काही सांगत नाहीत. दुसरीकडे, बातमीत येणारे छळाचे प्रकरण म्हणजे लाखो घरांचे चित्र नव्हे, हेही तितकेच खरे. बहुसंख्य घरांत मूल आईला दिसते आणि आईही त्याला जिवापाड जपते. प्रश्न आहे तो त्या दोघांना तिसरे कोणी पाहते का, याचा.

या प्रश्नाचे उत्तर काही माता आपल्या परीने देतात. दिवस संपल्यावर, मुले झोपली की, त्या एक वही उघडतात. आज काय वाचले, गणिताचा कोणता पाठ झाला, कोणते वचन पाठ झाले, कोणाचे वाचन अडखळले, हे तारखेनिशी लिहून ठेवतात. टेक्सासच्या कायद्याला त्या वहीची गरज नाही आणि ती तपासायलाही कोणी येत नाही. तरीही ती लिहिली जाते.