दुर्बीण घेण्याआधी अंगणात बसा

दुर्बिणीच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा आधी डोक्यातून काढून टाकावा. कर्जत-खालापूरच्या आमच्या शाळकरी मुलांत ईदीचे पैसे साठवून दुर्बीण मागवण्याची हौस वाढली आहे. खोक्यावर "525 पट" वाचून ती हरखतात. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या तिवईवर नळी लटपटते, तारा क्षणभर दिसतो आणि सुटतो. आठ दिवसांनी खोकं कपाटावर जातं आणि "हे आपलं काम नाही" असं मूल ठरवून टाकतं. पैशांपेक्षा हे नुकसान आम्हाला मोठं वाटतं.

हिशेब साधा आहे. समोरची काच किंवा आरसा जितके मिलिमीटर रुंद, त्याच्या दुपटीपर्यंतच उपयोगाची पट मिळते. 60 मिलिमीटरच्या काचेला 120 पट ही कमाल. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि पुसट होतं. पट कशी काढायची? दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले डोळ्याकडच्या भिंगाचं नाभीय अंतर. 700 भागिले 25 म्हणजे 28 पट. तेवढ्यातही गुरूचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओने 1610च्या जानेवारीत पाहिले होते तेच. शनीच्या कड्यासाठी 10चं भिंग लावावं, 70 पट होते.

म्हणून घेताना रुंदी पाहावी आणि बैठक हलवून पाहावी. पाय डगमगत असतील तर काच कितीही चांगली असो, घेऊ नये. पैसे कमी असतील तर 7×50ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी. उद्या आकाशाचा नाद सुटला तरी माथेरानला पाखरं पाहायला उपयोगी पडते.

पण त्याच्याही आधी महिनाभर इशानंतर नुसतं अंगणात बसावं. आपल्याकडे पश्चिमेला मुंबई-नवी मुंबईचा उजेड आहे, खालापूरकडे एक्सप्रेसवे आणि खोपोलीचे कारखाने. घाटाकडची पूर्व बाजू त्या मानाने काळोखी. घरातला दिवा बंद करून वीस-पंचवीस मिनिटं मोबाईल पाहू नये, मग तारे उमटू लागतात.

हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका वर येतो. अरबीत तो सुरय्या. त्याच्या मागोमाग लालसर रोहिणी येते. तिचं अरबी नाव अद्दबरान, म्हणजे मागून येणारा. इंग्रजी पुस्तकातलं आल्डेबरान ते हेच. एकाच ताऱ्याची दोन नावं आपल्या मुलांना दोन्ही भाषांतून कळतात, ही त्यांची कमाई आहे. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी 964च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात देवयानीतला एक छोटा ढग नोंदवला, तोही दुर्बिणीशिवाय. ती दुसरी दीर्घिका आहे हे कळायला विसावं शतक उजाडलं.

शाबानच्या 29 तारखेला सगळे गच्चीवर चढतात. दुर्बिणीतून दिसलेला हिलाल ग्राह्य किंवा नाही, ते उलेमा सांगतील. आमचं सांगणं एवढंच की सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेला वळवू नये. दुर्बिणीतून सूर्य एक क्षण पाहिला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. काही खोक्यांत डोळ्याकडे लावायची काळी "सूर्यकाच" येते. ती तापून तडकते. मुलाच्या हाती लागण्याआधी फेकून द्यावी.

पहिला चंद्र पाहावा तो सातवी-आठवीचा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. चौदहवीं का चाँद शायरांसाठी ठीक. दुर्बिणीत तो सपाट आणि डोळे दिपवणारा. शोधक नळी दिवसाच, सूर्याकडे पाठ करून, लांबच्या मनोऱ्यावर जुळवून ठेवावी.

आधी दुसऱ्यांची दुर्बीण पाहायची असेल तर कर्जतहून लोकलने नेरळपुढे वांगणी आहे. मुंबईचं खगोल मंडळ तिथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. अम्मींनीही जावं, फक्त मुलांना पाठवू नये.

थंडीत नदीकाठी दव फार पडतं. काच ओढणीने पुसू नका, ओरखडे उठतात. आपोआप वाळू द्या. आणि मृग लागण्याआधी दुर्बीण कोरडी करून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी चढते. तोवर सूर्यच मृगात असल्याने ते नक्षत्र रात्री दिसतही नाही.